चार मिनिटांत होकार

१८ मे, रविवार

आर्डिसच्या नव्या वहीची पुढची सहा पानं तिच्या प्रश्नांनी भरली आहेत. म्हणून मी वही उलटी धरून मागून सुरुवात करतोय. ट्रक चालवायचो तेव्हा चौतीस वर्षं रोजची नोंद लिहावी लागे, कुठून निघालो, किती तास चालवलं, कुठे झोपलो. निवृत्त झालो तरी जेवणानंतर हात शिवशिवतो. त्या नोंदींत मी बरंच खोटं लिहायचो. इथे खरं लिहावं म्हणतो, कारण इथे तपासायला कुणी येणार नाही.

तर, आम्ही पोचलो. आयोवातलं घर विकून घेतलेली आमची घरगाडी, पिकअपच्या मागे जोडून, विस्कॉन्सिनच्या या टोकाला तळ्याकाठच्या कॅम्पमध्ये आणली. मेपासून सप्टेंबरातल्या लेबर डेपर्यंत आम्ही दोघांनी काम करायचं, बदल्यात जागा, पाणी, वीज आणि वर थोडा पगार. आमच्यासारखे शेकडो म्हातारे हेच करत देशभर हिंडतात.

नोकरी मीच मिळवली. मालक वेल्डन श्रोडर फोनवर म्हणाला, "गाडी मागे घेता येते का?" मी म्हटलं, "चौतीस वर्षं अठरा चाकी मागे घेतलीय." तो म्हणाला, "मग या." चार मिनिटांत काम फत्ते. आर्डिस त्या चार मिनिटांत माझ्या नाकासमोर वही नाचवत होती. एकवीस प्रश्न! कामाला घेणाऱ्या माणसाची अशी उलटतपासणी करतात का कुणी? मी पाठ फिरवली.

चौथा प्रश्न होता, "जागा कुठली मिळणार?" त्याचं उत्तर आज मिळालं. तळ्यापासून सर्वांत लांबची, थेट मोरीला लागून. मोरी म्हणजे कॅम्प सोडताना प्रत्येक घरगाडीवाला आपली मैल्याची टाकी जिथे ओततो ती. आज रविवार, सगळे घरी निघालेले. आम्ही पडदे लावले तेव्हा एकोणीस गाड्या रांगेत होत्या. विसावा माणूस खिडकीवर टकटक करून म्हणाला, "तुमच्याकडे जादा नळी आहे का हो?"

आर्डिसनं वही उघडली, चौथ्या प्रश्नापुढे काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. बोलली काही नाही. अडतीस वर्षांच्या संसारात मी तिचं बोलणं कमीच ऐकलंय, तेव्हा मला ते खटकलं नाही.

१९ मे, सोमवार

मला टोपी मिळाली. तिच्यावर "यजमान" असं भरतकाम आहे. मला वाटलं होतं, यजमान म्हणजे ती छोटी बॅटरीची गाडी घेऊन फिरायचं, पोरांना हात करायचा, संध्याकाळी कुणाच्या तरी शेकोटीपाशी बसून ब्राटवुर्स्ट सॉसेज खायचं. छोटी गाडी एकच आहे आणि ती वेल्डनच्या बुडाखाली असते. तो तिच्यातून उंटावरून शेळ्या हाकतो. मला हातगाडी, कुंचा आणि बारा संडास.

आर्डिसला कचेरीतलं काम. नोंदणी, बर्फाच्या पिशव्या, सरपणाच्या मोळ्या. वेल्डननं वेळापत्रक हातात ठेवलं. तिची सुट्टी मंगळवार-बुधवार, माझी गुरुवार-शुक्रवार. मी म्हटलं, "उत्तम. दोघांनाही निवांतपणा." मी ट्रकवर, ती इस्पितळात रात्रपाळीची नर्स, असंच आमचं सगळं आयुष्य गेलं. त्यामुळेच टिकलं असं मी लोकांना गमतीनं सांगतो.

आर्डिसनं वेळापत्रक फ्रिजला चुंबकानं लावलं आणि धुतलेला कप पुन्हा धुवायला घेतला.

२७ मे, मंगळवार

मेमोरियल डेच्या जोडसुट्टीचे तीन दिवस कसे गेले ते विचारू नये. एकानं घरगाडी मागे घेताना पाइनचं झाड पाडलं आणि "झाड इथे आहे अशी पाटी नाही" म्हणून तक्रार केली. एका बाईला तळ्यातले बेडूक रात्री दहानंतर बंद हवे होते, कारण नियमात दहानंतर शांतता लिहिलीय. आर्डिसनं तिला शांतपणे सांगितलं, "मी त्यांच्याशी बोलते."

ट्वायला म्हणून एक विधवा बाई आहे, सत्तरीची, केस मुलासारखे कापलेले. अकरा वर्षं हेच करते. हिवाळ्यात दक्षिणेला, उन्हाळ्यात उत्तरेला. मोसमाच्या गवतकापणीपासून पाणी चढवण्यापर्यंत सगळं तिला येतं. मी शेकोटीच्या कड्यांतून राख, बियरचे डबे आणि कुणा बाळाचा लंगोट उपसत होतो तेव्हा ती जवळ येऊन उभी राहिली.

"येण्याआधी किती प्रश्न विचारलेस?"

"एकही नाही."

ती इतकी हसली की तिला सरपणाच्या मोळीवर बसावं लागलं. "आणि बायकोकडे यादी होती?"

"एकवीस प्रश्नांची. तुला कसं कळलं?"

"यादी नेहमी बायकोकडेच असते रे," डोळे पुसत ती म्हणाली. "आणि फोन नेहमी नवऱ्याकडे."

११ जून, बुधवार

आर्डिसची सुट्टी. ती काल आणि आज होडी घेऊन तळ्यावर गेली. सांगत होती, लून पक्ष्याची मादी पिल्लाला पाठीवर घेऊन पोहत होती आणि ही अगदी दहा हातांवर होती. "तू असतास तर," म्हणाली आणि थांबली. मी म्हटलं, "मी असतो तर वल्ह्याच्या आवाजानं पक्षी उडाला असता." खरंच आहे ते.

माझं जेवण ताटावर ताट झाकून ओट्यावर होतं. ती झोपायला गेली होती, उद्या पहाटे कचेरी उघडायची म्हणून. अडतीस वर्षं मी असंच झाकलेलं जेवतोय. फार सोयीची पद्धत आहे, गरम करायचं की नाही ते आपल्या हातात.

२८ जून, शनिवार

आज जरा लाज वाटण्यासारखं झालं, पण खरं लिहायचं ठरवलंय.

नऊ जुलैला आमच्या लग्नाला एकोणचाळीस वर्षं होतात. बुधवार आहे, म्हणजे तिची सुट्टीच. आर्डिस म्हणाली, "ऑर्व, वेल्डनला विचार ना, त्या एका दिवसाची तुलाही मिळते का. होडीतून पलीकडच्या बेटावर जाऊ. एवढंच." कित्येक वर्षांत तिनं माझ्याकडे काही मागितल्याचं आठवत नाही. मी म्हटलं, आत्ता विचारतो.

गेलो. वेल्डन छोट्या गाडीत बसून चीजचे तळलेले तुकडे खात होता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "ऑर्विल, गड्या, तूच हवा होतास! दर शनिवारी पोरांना गवताच्या गाड्यातून फेरी मारायचीय. ट्रॅक्टर तुझ्याशिवाय कोण चालवणार?" मी म्हटलं, "चालवतो की." आणि परत आलो.

विचारलंच नाही.  चौतीस वर्षं मालाची पाठवणी करणारा माणूस फोनवर म्हणायचा, "ऑर्विल, रविवारी निघशील?" आणि मी "निघतो" म्हणायचो. ज्याला "नाही" म्हणता येत नाही त्याला "मिळेल का?" असंही विचारता येत नाही, हे मला आज या वयात कळतंय.

आर्डिसला सांगितलं, "जुलैत कुणालाच जादा सुट्टी नाही म्हणाला." ती म्हणाली, "बरं."

तिला हे कळायचं कारण नाही. मी तिची पानं वाचत नाही, ती माझी. नवरा-बायकोत एवढी सभ्यता हवी.

३ जुलै, गुरुवार

माझी सुट्टी. कपडे धुवायला गेलो तर धुलाईखोलीच्या मागच्या बाकावर आर्डिस फोनवर बोलत होती. जेवणाच्या सुट्टीत आली असावी. खिडकी उघडी होती. ऐकायचं नव्हतं, पण यंत्र सुरू करायलाही विसरलो.

"एकटीच... हो, एकटीच. नाही, नवऱ्याचं धरू नका."

मग बराच वेळ ती ऐकत होती. मग म्हणाली, "नोव्हेंबरपासून चालेल. आणि हे सगळं मला लेखी मिळेल ना?"

 कपडे तसेच घेऊन परतलो. अजून मळलेले आहेत.

१० जुलै, गुरुवार

काल एकोणचाळीस वर्षं झाली. काल पाच वाजता काम संपायचं होतं, पण साडेचारला मधल्या संडासाची नळी तुंबली आणि कुणी तरी आत टॉवेल ढकलला होता. कुणाला टॉवेल ढकलायचं सुचतं मला कळत नाही. आठ वाजले. अंघोळ करून घरात आलो तर टेबलावर वॉलाय मासे, ताटावर ताट, आणि एक मेणबत्ती जळून जळून बशीला चिकटलेली. ती झोपली होती किंवा तसं दाखवत होती. मी पुटपुटलो, मेणबत्ती कशाला वाया घालवली, वीज होती की.

मासे थंडही चांगले लागले. तरी अर्धे ठेवले.

गेल्या आठवड्यापासून ती गुणगुणत असते. कचेरीत बसून काहीतरी लिहिते, मी गेलो की वर बर्फाच्या पावत्या ओढते. काल सकाळी न्याहारीला मी विचारणार होतो, कुणाला फोन करत होतीस. विचारलं ते असं, "मीठ आहे का?" समोरच होतं.

२४ जुलै, गुरुवार

ट्वायलाला सगळं सांगून टाकलं. तिनं कापलेलं गवत झटकलं आणि म्हणाली, "वही घरातच असते ना?"

"मी दुसऱ्याची पानं वाचत नाही."

"वा रे साधू! बायको चाललीय आणि हा सभ्यपणा जपतोय."

घरी आलो. आर्डिस कचेरीत होती. वही सुलटी केली.

एकवीस प्रश्न. जागा कुठली. संडास कोण धुणार. आठवड्याला किती तास जागेच्या बदल्यात आणि किती पगाराचे. काम बदललं तर आधी सांगणार का. आजारी पडलं तर काय. मोसम संपायच्या आत निघावं लागलं तर काय. प्रत्येकापुढे तिच्या बारीक अक्षरात उत्तर आणि तारीख. इस्पितळात रुग्णाच्या कागदावर लिहायची तसंच.

पण हे सगळे नंतरचे. सर्वांत वर, पहिला प्रश्न, दोनदा अधोरेखित, "आम्हा दोघांना सुट्टी एकाच दिवशी मिळेल ना?" पुढे, "१९ मे. नाही." त्याखाली वेगळ्या शाईत, "२८ जून. त्यानं विचारलंसुद्धा नाही."

मी तिथेच पायरीवर बसलो. ती माझी पानं वाचते. पहिल्यापासून वाचत असणार. सभ्यता माझ्या एकट्याकडेच होती आणि तिचा उपयोग हा असा झाला.

पुढच्या पानावर कॅम्पांची नावं आणि फोन नंबर. तीन खोडलेले. चौथ्याभोवती गोल, ॲरिझोना, आणि बाजूला लिहिलंय, "एका माणसासाठी."

घर विकलंय आम्ही. पण घराचं मला काही वाटत नाही, ही गोष्ट मी आज पहिल्यांदा लिहितोय. मला ती गेलेली चालणार नाही. चौतीस वर्षं मी तिला सोडून दर सोमवारी जायचो आणि ती असणारच हे धरून चालायचो. झाकलेलं ताट आपोआप ओट्यावर येतं असं मला वाटत होतं की काय कुणास ठाऊक.

(आर्डिस, हे वाचत असशील तर वाच.)

२५ जुलै, शुक्रवार

सुट्टी असून वेल्डनकडे गेलो. हातात वही धरून. तो म्हणाला, "ऑर्विल, गड्या, तूच हवा..." मी म्हटलं, "थांब. आधी मी." मग वहीतल्या पहिल्या प्रश्नावर बोट ठेवलं. "मला आणि आर्डिसला सुट्टी एकाच दिवशी हवी. मिळेल का?"

वेल्डननं गाडी थांबवली. "एवढंच?"

"एवढंच."

"मग फोनवर का नाही विचारलंस? मंगळवार-बुधवार इथे कुत्रंसुद्धा नसतं. मला वाटलं, तुम्हाला वेगवेगळी हवी असेल. काही जोडप्यांना हवी असते." त्यानं चीजचा तुकडा तोंडात टाकला. "आता मात्र मंगळवारी ट्वायलाची सुट्टी असते, तिला विचार, ती त्याऐवजी गुरुवार घेते का."

ट्वायलाला विचारलं. ती म्हणाली, "मला काय, नवरा आहे का मंगळवार जपायला? मला कुणी विचारलंच नव्हतं."

दोन माणसं, दोन प्रश्न. घड्याळ बघितलं होतं. सगळं मिळून चार मिनिटं लागली नाहीत. एवढ्यासाठी मी आर्डिसचे दहा मंगळवार आणि एक मेणबत्ती वाया घालवली.

२९ जुलै, मंगळवार

सकाळी आर्डिस होडी पाण्याकडे ओढत होती. मी मागोमाग गेलो, यजमानाची टोपी घरी ठेवून, हातात वही घेऊन.

"कामावर नाहीस?" ती म्हणाली.

"सुट्टी आहे. आजपासून दर मंगळवारी, बुधवारी. विचारली मी."

"माहीतेय. तू लिहिलंस ते वाचलं." होडी सोडून ती ओंडक्यावर बसली. "मेणबत्तीचंही वाचलं. वाया गेली म्हणे."

 मी म्हटलं, "ॲरिझोना?"

"घेतली नोकरी. कचेरीचं काम, नोव्हेंबर ते मार्च. सगळे प्रश्न विचारले, पाऊण तास चालला फोन. तिथल्या बाईला मजा आली. म्हणाली, असं कुणी विचारतच नाही, सगळे येतात आणि मग रुसतात."

"एकटीसाठी."

"पहिला फोन केला तेव्हा एकटीचंच विचारत होते, ऑर्व. ती काही गंमत नव्हती. तू विचारलं नाहीस ते वाचलं आणि मी रडले, बर्फाच्या पेटीत डोकं घालून, कुणाला कळू नये म्हणून. मला या गाडीत बसून कुठे हिंडायचं नव्हतं. मला तू हवा होतास. दिवसा. जागा असताना." मग सूर बदलून म्हणाली, "शेवटी त्यांना विचारलं, सोबत एक माणूस असेल तर चालेल का. त्या म्हणाल्या, कोण? मी म्हटलं, ठरायचंय."

तिनं माझ्या हातातून वही घेतली, कोरं पान काढलं आणि कानामागची पेन्सिल काढली.

"बस. घोरतोस?"

"तुला माहीतेय."

"लेखी हवं."

"घोरतो."

"मैल्याची टाकी कोण ओतणार?"

"मी."

"स्वयंपाक?"

"हॉटडिश येतं, सगळं एका भांड्यात घालून भट्टीत ठेवायचं. तेवढंच."

"आठवड्यातून दोनदा हॉटडिश," तिनं लिहून घेतलं. "तब्येतीबद्दल विचारलं तर खरं सांगणार, की मी बरा आहे म्हणणार?"

"गुडघा दुखतो. मेपासून."

"माहीतेय. मोसम मध्येच सोडून जायची सवय?"

"चौतीस वर्षं. दर सोमवारी."

ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही, तिनं तेही लिहून घेतलं. असे वीस झाले. ऊन चढलं. एक माणूस येऊन विचारून गेला, सरपण कुठे मिळेल. आर्डिस म्हणाली, "आज आम्ही सुट्टीवर आहोत." "आम्ही" हा शब्द तिनं उगाच मोठ्यानं म्हटल्यासारखं मला वाटलं.

मग तिनं पेन्सिल खाली ठेवली. "एकविसावा तुझा. तू विचार."

"म्हणजे मी येतोय तर."

"हा प्रश्न नाही."

खरंच नव्हता. मी पाण्याकडे बघितलं, बुटांकडे बघितलं. 

"आर्डिस, मी येऊ का तुझ्याबरोबर?"

तिनं लगेच उत्तर दिलं नाही. तिच्याकडे बघवेना म्हणून मी घड्याळाकडे बघत बसलो. चार मिनिटं झाली. एवढा वेळ माझ्यासाठी कुणी कधी काढला नव्हता उत्तर द्यायला, आणि मीही कुणाला दिला नव्हता. मग ती उठली, स्कर्टवरची वाळू झटकली आणि म्हणाली, "होडीचं पुढचं टोक धर."

मी धरलं. जमलं, असं मनाशी म्हणत दहा पावलं गेलो. मग होडी खाली ठेवली.

"म्हणजे हो का?"

"आता कसं," आर्डिस म्हणाली. "हो. मार्चअखेरपर्यंत. पुढच्या मोसमाचं पुन्हा विचारायचं."